खोलीच्या पुढे काहीही

१

तिची झोप उडाली ती दोन स्टारपायी.

आता आईची झोप उडवायला कारणं काय कमी असतात. ताप, खोकला, गिळलेलं बटण, न गिळलेलं औषध. तिच्याकडे तर हा साठा बाराही महिने भरलेला असायचा. नवरा म्हणायचा, तुला काळजी करायला विषय लागत नाही, फक्त उशी लागते. पण त्या रात्री या सगळ्या जुन्या काळज्या शहाण्यासारख्या कडेला बसून राहिल्या आणि मधोमध पाय पसरून बसली ती कोडमधली एक ओळ. तिनंच लिहिलेली, आणि तीही घाईत.

ऑफिससमोरच्या गल्लीत एक पाळणाघर होतं. तिची साडेतीन वर्षांची लेक, जिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणायचे, तिथंच जायची. आणि त्या पाळणाघराचं ॲप तिच्याच कंपनीनं केलं होतं, म्हणजे बरंचसं तिनंच. आईबापांनी कामावरून फोन उघडायचा, पोराच्या फोटोवर बोट ठेवायचं, की सर्व्हरकडे एक पत्ता जायचा. /खोली/खेळ, /खोली/जेवण, नाहीतर /खोली/झोप. खोल्या तीनच. प्रत्येक पत्त्याला एक हँडलर नेमलेला. हँडलर म्हणजे दार वाजलं की कोणी उठून उघडायचं, ते ठरवून ठेवलेला माणूस. फक्त तो माणूस नसतो, जावातला कोडचा एक तुकडा असतो. ज्या पत्त्याला कोणीच नेमलेलं नाही, त्याला फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर ॲप उभं असतं तो, आपलं ठरलेलं उत्तर देतो. सापडलं नाही.

आणि तिथंच घोळ झाला होता. एका दातांच्या डॉक्टरनं कुठलीतरी जुनी लिंक दाबली, आणि त्याच्या मुलाच्या हसऱ्या फोटोखाली ठळक अक्षरांत उमटलं, 'सापडलं नाही'. तो दवाखान्यातून जो सुटला तो थेट पाळणाघरात. हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क, आणि मागे खुर्चीत पेशंट आ वासून तसाच. मुलगा जेवणाच्या खोलीत भात चिवडत बसला होता. डॉक्टर त्याला पोटाशी धरून इतका रडला, की मुलगा घाबरून रडला, आणि मग सगळं पाळणाघरच रडलं.

पाळणाघराच्या बाईंनी लगेच तिला फोन केला. "हे बघा, पुन्हा कुणाला असलं काही दिसता कामा नये. पत्ता चुको, काही होवो. काहीतरी बरं दिसू दे."

त्या दिवशी भिंगरीला ताप होता. एका मांडीवर लेक, एका मांडीवर लॅपटॉप अशा अवस्थेत तिनं नवा हँडलर लिहिला. पत्त्याच्या जागी घातलं, /खोली/ आणि पुढे दोन स्टार. एक स्टार म्हणजे खोलीच्या पुढे एकच पायरी. दोन स्टार म्हणजे खोलीच्या पुढे काहीही, कितीही आत. असा कुठलाही पत्ता आला, की उत्तर जायचं, 'मूल शांत झोपलं आहे. काळजी नसावी.'

डॉक्टर खूश. बाई खूश. ताप उतरला तशी तीही खूश झाली होती. आणि मग त्या रात्री, काही कारण नसताना, डोळे टक्क उघडे. खोलीच्या पुढे काहीही. कोणीही काहीही विचारावं आणि आपण न बघताच सांगावं, हो हो, झोपलंय. एका स्टारमध्ये भागलं असतं. दोन कशाला दिले?

२

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या तिनं पाहिलं, दोन स्टारच्या दारावर आजवर कोण कोण येऊन गेलं ते. बहुतेक सगळं अपेक्षित. कोणाचं बोट घसरलेलं, कोणी जुनीच लिंक जपून ठेवलेली. आपण उगाच रात्र जागवली असं म्हणून ती स्क्रीनवरची यादी बंद करणार, तेवढ्यात एका ओळीवर नजर अडली.

/खोली/झोप/दार

असं पान तिनं केलं नव्हतं. कोणीच केलं नव्हतं. त्याखाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची, म्हणजे कालचीच, एक ओळ होती.

/खोली/झोप/दार/पायऱ्या

दोन्ही वेळा तिच्या हँडलरनं इमानेइतबारे उत्तर दिलं होतं. मूल शांत झोपलं आहे. काळजी नसावी.

तिनं शेजारच्या टेबलावर हाक मारली. टीममधले सर्वांत जुने गृहस्थ, ज्यांना फळ्यावर चौकट काढल्याशिवाय काही समजावताच यायचं नाही, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे.

"मास्तर, हे जरा बघता?"

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "बॉट असेल गं, आपोआप चालणारा प्रोग्राम. दिवसभर जगातली दारं ढकलत फिरत असतात. उघडलं तर आत, नाही तर पुढचं घर."

"बॉट एका दमात शंभर दारं ढकलतो. हा एक विचारतो आणि थांबतो."

"म्हातारा झाला असेल. आमच्यासारखा."

"आणि हे बाहेरून आलेलं नाहीये. पाळणाघरातूनच आलंय. झोपेच्या खोलीतल्या टॅबलेटवरून."

"मग पोरांनी बोटं मारली असतील."

"त्याच्यावर टाइप करायला जागाच नाही मास्तर. मुलं जेवली, मुलं झोपली, मुलं उठली. तीन बटणं आहेत फक्त."

मास्तरांनी चष्मा खाली ओढून पुन्हा पाहिलं. मग ते म्हणाले, "उत्तर बरोबर जातंय ना?"

"जातंय."

"मग झालं तर. ज्याला उत्तर मिळालं, तो परत येत नाही."

त्या दुपारी, मुलांच्या झोपेच्या वेळेला, तो परत आला.

/खोली/झोप/दार/पायऱ्या/खाली

३

संध्याकाळी भिंगरीला आणायला ती जरा लवकरच गेली. झोपेची खोली रिकामी होती. मुलं खेळायच्या खोलीत, तिथला गलका भिंतीतून गाळून येत होता. ती दारात चपला काढून आत शिरली.

लांबट खोली. एका टोकाला खिडकी, तिला जाड निळा पडदा. भिंतीकडेला रचून ठेवलेल्या पातळ फोमच्या गाद्या. फरशी स्वच्छ पुसलेली, फिनेलचा आणि झोपलेल्या मुलांचा मिळून होतो तो वास. टॅबलेट भिंतीवर उंच, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर. आणि दार एकच. ज्यातून ती आली ते.

मुलांना सांभाळणाऱ्या मावशी झाडू घेऊन आल्या. "अगं बाई, तुम्ही होय. मला वाटलं कोण अंधारात उभंय."

"मावशी, दुपारी हा टॅबलेट कोण वापरतं?"

"कोणी नाही. मुलं निजली हे बटण दाबते आणि बंदच करून टाकते. त्याचा उजेड पडतो ना डोळ्यांवर. एकाला जाग आली की मग सगळी जत्राच उठते."

"या खोलीला दुसरं दार नाही ना कुठं? पूर्वी असलेलं, बुजवलेलं?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, सासुरवाशिणीच्या माहेरचं माणूस पाहतं तसं, थोडं मायेनं, थोडं संशयानं. "पलीकडे छापखाना आहे. आणि तिकडे बाहेरची गल्ली. दार कुठून येणार? तुम्ही रात्री झोपता ना नीट?"

तिनं तरी भिंत ठोकून पाहिली. बोटांची हाडं दुखली. भिंत भिंतीसारखीच भरीव होती. खाली तळघर नव्हतं, हेही तिनं बाईंना विचारून घेतलं. ओल येते का, असं निमित्त काढून.

घरी येताना भिंगरी तिच्या करंगळीला लटकून, फरशीच्या रेषा चुकवत चालत होती.

"आज झोपलीस का गं दुपारी?"

"नाही. मी फक्त डोळे मिटले."

"का बरं?"

"मावशी म्हणतात म्हणून."

"मग डोळे मिटून काय केलंस?"

"काय नाही. ऐकलं."

"काय ऐकलंस?"

भिंगरीनं एक रेष उडी मारून ओलांडली. "आई, तू रेषेवर पाय दिलास. आता तू आऊट."

घरी आल्यावर ती भाजी निवडत होती आणि भिंगरी बाहुलीला उशीवर निजवत होती. पांघरूण नाकापर्यंत ओढून, मोठ्या माणसासारखी लांब श्वास सोडून भिंगरी बाहुलीला नाही, उशीच्या पलीकडे कोणाला तरी सांगावं तसं म्हणाली, "मूल शांत झोपलं आहे. काळजी नसावी."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तिनं स्वतःला समजावलं. ती ओळ लिहिताना आपणच चारदा मोठ्यानं वाचून पाहिली होती, बरी वाटते का म्हणून. मूल मांडीवर होतं. मुलं काय, पोपटाच्या वर. हे स्पष्टीकरण चांगलं होतं, पटण्यासारखं होतं. ते तिनं जेवताना नवऱ्यालाही दिलं, त्यानं न विचारता.

"बरं," तो म्हणाला. "मग तू माझ्याकडे अशी का बघतेयस?"

४

पुढचे काही दिवस तिनं दुसरं काम केल्यासारखं दाखवलं. एका बाजूला त्या ओळींची यादी उघडी ठेवायची. जेवणाची सुट्टी संपून ऑफिस सुस्तावलं, की थोड्या वेळानं नवी ओळ यायचीच. रोज एक. पत्ता तोच, पुढे एक शब्द वाढलेला. खालीनंतर बोळ. बोळानंतर वळण. उत्तर मिळालं की त्या दिवसापुरतं गप्प.

दुसरा कोणी असता तर कंटाळला असता. मूल झोपलंय म्हटल्यावर बरं म्हणून फोन खिशात टाकला असता. झोपलंय असं स्वच्छ सांगितल्यावरही जो उठून पुढच्या दारापर्यंत जाऊन बघतो, असा माणूस तिच्या माहितीत एकच होता. ती स्वतः. भिंगरी तान्ही असताना रात्रीतून कितीदा ती पाळण्याशी जाऊन नाकापुढे बोट धरायची. सासूबाई म्हणायच्या, अगं झोपलंय ते. नवरा म्हणायचा, झोपलीय ती. ती हो म्हणायची, आणि पुन्हा जायची.

हे एकदा मनात आलं, तसा तिच्या भीतीचा रंगच बदलला. गेली नाही ती, पण दुसऱ्या जागी जाऊन बसली. हे जे कोणी होतं ते चोर नव्हतं. ते शोधत होतं.

आणि मग आलं, वळण/पायऱ्या. दुसऱ्या दिवशी, पायऱ्या/वर.

तिनं कागद घेऊन उगाचच रेघा मारल्या. वाट दारातून निघाली, पायऱ्यांनी खाली, बोळातून, वळली, पुन्हा पायऱ्या, आता वर. हे लांब जाणं नव्हतं. वळसा होता. जिथून निघालं, तिथंच, भिंतीच्या दुसऱ्या अंगानं वर येणं होतं.

पुढच्या दुपारी, /वर/दार. त्याच्या पुढच्या दुपारी, /दार/गाद्या.

गाद्या झोपेच्या खोलीत होत्या. दुसऱ्या कुठल्याच खोलीत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं भिंगरीला पाठवलंच नाही. कपाळ तापलंय असं स्वतःच ठरवलं आणि रजा टाकली. ठणठणीत पोर दिवसभर घरात नाचली. दुपारी ती फोन हातात धरून बसली. झोपेची वेळ आली. गेली. ओळ आली नाही. पाळणाघरात बाकीची सगळी मुलं त्याच गाद्यांवर झोपली असणार, टॅबलेट त्याच भिंतीवर असणार. पण त्या दिवशी कोणीच काही विचारलं नाही.

म्हणजे विचारणं भलत्या कुठल्या मुलाबद्दल नव्हतं, भिंगरीबद्दलच होतं.

रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, "आज घरी ठेवलीस. उद्या?"

"उद्याही ठेवते."

"आणि परवा? अगं, भिंगरी बरी आहे. बिनसलंय ते तुझं. काय झालंय ते सांग तरी."

तिनं सांगितलं. सगळं, सुरुवातीपासून. त्यानं मध्ये विनोद केला नाही, हेच तिला जास्त लागलं. शेवटी तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही. पण तुझ्याच कोडनं त्याला आत घेतलं असेल, तर घालवायलाही तूच जायला हवंस. दुसरं कोण जाणार?"

५

सकाळी भिंगरीला तिनं पाळणाघरात सोडलं. पाय निघत नव्हता. भिंगरीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"काढून टाक की ते दोन स्टार," मास्तर म्हणाले. तिनं त्यांना अर्धंच सांगितलं होतं, पण चेहऱ्यावरून त्यांनी उरलेलं घेतलं असावं. "हँडलर गेला की फ्रेमवर्क सांगेल, सापडलं नाही. संपला विषय."

"आणि सापडलं नाही असं वाचल्यावर माणूस काय करतं मास्तर?"

 दातांचा डॉक्टर मास्तरांनाही आठवला असावा. मोजे, मास्क, आणि धाव.

"म्हणून ते काढता येत नाही," ती म्हणाली. "झोपलंय म्हटलं तरी येतंय, आणि नाही म्हटलं तर धावत येईल."

मास्तर फळ्याकडे गेले. सवयच ती. त्यांनी एक मोठी चौकट काढली, तिच्यात दोन स्टार. आत एक बारकी चौकट. तिच्यात एक लांब रेघ, म्हणजे तो पत्ता.

"तुला माहीतच आहे हे, तरी सांगतो. एका पत्त्याला दोन हँडलर लागू पडत असले, तर जास्त नेमका असेल तो जिंकतो. दोन स्टार म्हणजे शेवटचा आसरा. ज्याचं नाव घेऊन बोलवायला कोणीच नाही, तो तिथं जातो. एकदा का त्याच्यापुरतं दार केलंस, की स्टारला कोणी विचारत नाही."

"म्हणजे त्या पत्त्यासाठी वेगळा हँडलर."

"अक्षर न् अक्षर तोच पत्ता. आणि त्याला काय सांगायचं ते तू ठरव." मास्तर खडू ठेवून हात झटकत होते. "इतके दिवस त्याला दिलेलं उत्तर त्याच्यासाठी नव्हतंच ना. ते सगळ्यांसाठी होतं."

आज पत्त्यात पुढचा शब्द कोणता येणार, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नसायला हवं होतं, पण गाद्यांच्या पुढे एका आईला विचारण्यासारखं एकच असतं, कुठली. तिनं लिहिलं, /गाद्या/खिडकीकडची. खिडकीकडच्या गादीवर भिंगरी झोपायची.

मग उत्तर. पहिल्यांदा तिनं लिहिलं, 'हा पत्ता चुकीचा आहे, कृपया कार्यालयाशी संपर्क साधावा.' ते वाचून तिला स्वतःचीच लाज वाटली. खोडलं. 'क्षमस्व' लिहिलं, तेही खोडलं. आपण एवढं शिकलो आणि एका आईशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, असं मनाशी म्हणत ती बराच वेळ लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेकडे बघत बसली. शेवटी समोर बसलेल्या बाईशी बोलावं तसं लिहून टाकलं.

'तुमचं मूल इथे नाही. खिडकीकडच्या गादीवर माझी मुलगी आहे. आधी सांगितलं ते न बघता सांगितलं होतं.'

मास्तरांनी कोड तपासायला घेतला. ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांनी विचारलं नाही, हे कोणासाठी. मंजूर केलं आणि म्हणाले, "जा तू. मी बसतो इथं."

६

"तुम्ही आता?" मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "मुलं आत्ताच निजली."

"जरा बसते तिच्यापाशी. चालेल ना?"

मावशींनी तोंडावर बोट ठेवून दार लोटून घेतलं.

पडद्यातून निळा उजेड येत होता, पाण्याखाली असावा तसा. दोन्हीकडे गाद्या, त्यांच्यावर पाय, कुशी, उघडी तोंडं. श्वासांचा आवाज एका लयीत नव्हता, पण सगळा मिळून एकच वाटत होता. टॅबलेट काळा. ती पाय जपत जपत खिडकीपर्यंत गेली. भिंगरी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन. तिच्या शेजारची गादी रिकामी होती. त्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या, पण मावशींनी सवयीनं त्याचीही अंथरली होती.

रिकामी असूनही ती त्या गादीवर बसली नाही. का ते तिनं स्वतःला विचारलं नाही. भिंगरीच्याच गादीच्या काठावर, अर्धी फरशीवर अशी टेकली, आणि फोनचा उजेड कमी करून मांडीवर धरला.

छापखान्याचं यंत्र भिंतीपलीकडे धडधडत होतं. मग ते थांबलं.

ओळ आली.

अक्षर न् अक्षर तोच पत्ता, तिनं लिहिलेला. खिडकीकडची. आणि खाली तिचं उत्तर गेलेलं. या वेळी दोन स्टारनं नाही, त्या एका हँडलरनं.

खोलीत काही झालं नाही. एका मुलानं तोंडानं चघळल्यासारखं केलं. ती मनात म्हणत होती, बघ, काही नाही, बघ, वेडाबाई, काही नाही.

ओळ पुन्हा आली. तीच. आजवर एकदाही असं झालं नव्हतं. जे काय होतं ते नेहमी पुढे जायचं, मिळालेलं उत्तर घेऊन पुढचं दार. तेच पुन्हा विचारलं नव्हतं कधी.

विचारणारच. एकदा सांगून कोणाला पटतं.

तिनं फोन पालथा घातला. तोंडानं सांगायला हवं, असं वाटलं तिला. पण मोठ्यानं बोलायचा धीर झाला नाही. तिनं फक्त मान हलवली, त्या रिकाम्या गादीकडे बघून, हळू, खरंच नाही हो, अशी.

आणि तेव्हा तिनं पाहिलं. रिकाम्या गादीच्या मधोमध, निळ्या चादरीवर, एक खळगा होता. उकिडवं न बसता नीट मांडी घालून कोणी बसावं, तेवढा. आणि तो भरत होता. फोमवरून माणूस उठलं की तो जसा सावकाश, नाइलाजानं वर येतो, तसा. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. चादरीची एक सुरकुती सरळ झाली. मग गादी सपाट होती, बाकीच्या गाद्यांसारखी.

फरशीवर अनवाणी पावलांचा आवाज झाला की नाही, हे तिला नंतरही नक्की सांगता आलं नाही. झाला असेल, तर तो दाराकडे गेला नाही.

पलीकडे यंत्र पुन्हा सुरू झालं. खोलीतली हवा सैल झाली, कोणीतरी घट्ट धरलेली मूठ सोडावी तशी. तिला एकदम इतकं हलकं वाटलं, की हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. त्यातलं किती आपल्या सुटकेचं आणि किती त्या दुसऱ्या आईसाठी, हे तिला वेगळं करता येईना. फोनवर मास्तरांचा निरोप आला होता, 'दोनदा आला. उत्तर गेलं. आता शांत.' पुढे कितीतरी महिने ती रोज बघत राहिली, सवय म्हणून. त्या पत्त्यावरून पुन्हा कोणी काही विचारलं नाही. दोन स्टारही तिनं काढले, आणि चुकलेल्या पत्त्याला खरं तेच सांगायला लावलं, की पत्ता चुकलाय, बाईंना फोन करा. बाई कुरकुरल्या. पण ते सगळं मागाहून.

त्या घटकेला ती नुसती बसून होती, पाठ दुखेपर्यंत, लेकीच्या गादीच्या काठावर. भिंगरी हलली. कूस बदलून तिनं डोळे उघडले, आणि आई तिथं असल्याचं काही नवल न वाटता आधी शेजारच्या गादीकडे पाहिलं, मग आईकडे. आईच्या मनात आलं, आता ही काहीतरी बोलणार. आणि जे बोलेल ते आपल्याला आयुष्यभर पुरणार.

भिंगरीनं जांभई दिली. पोटाशी घेतलेले पाय सरळ केले, आईच्या मांडीला अडले तसे आणखी जोरानं रेटले, आणि अर्धवट झोपेत कुरकुरत म्हणाली,

"आई, तिकडे सरक ना. आता झालीय तिथं जागा."